गुठळी, गोळी आणि खाडा

१९५४ हे साल कामगारांच्या इतिहासात सहसा कोणी घेत नाही. त्या साली मोठा संप गाजला म्हणून नव्हे, तर तीन वेगळ्याच गोष्टींमुळे आम्हांस ते महत्त्वाचे वाटते. मुंबईत कामगार राज्य विमा योजना सुरू झाली. पुण्याजवळ पिंपरीस पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. आणि अमेरिकेत वॉर्फरिन हे औषध माणसांना देण्यास मान्यता मिळाली. या तिन्ही गोष्टी एका रोगापाशी येऊन मिळतात.

तो रोग कोणता? दाटीवाटीच्या खोल्यांतून मुलांचे घसे दुखतात. त्यांतल्या काहींना पुढे सांधे धरणारा ताप येतो. डॉक्टर त्यास ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. ताप उतरतो, सांधेही मोकळे होतात. परंतु हृदयाची झडप आतल्या आत आखडत जाते. मग वरचा कप्पा फुगतो आणि ठेका सोडून नुसता थरथरू लागतो. यालाच एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळते, गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली की धडधाकट माणसाचे अर्धे अंग लुळे पडते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीत १९७८ साली असे दिसले की, या थरथरीने पक्षाघाताचा धोका पाचपट होतो. झडपही ऱ्हुमॅटिक तापाने बिघडलेली असल्यास सतरापट!

औषधाची कथाही गोठ्यातली आहे. १९२० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरसलेला क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातले द्रव्य शोधून काढले. त्यातूनच वॉर्फरिन निघाले आणि १९४८ साली ते प्रथम उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. उंदरांचे विष माणसाला तारू लागले, ते केवळ मात्रेच्या बळावर.

सारी मेख या मात्रेतच आहे. गोळी कमी पडली तर गुठळी होते, जास्त झाली तर रक्त वाहते. मेथी-पालक एकदम वाढवला, दुसरे एखादे औषध घेतले, तरी तोल बिघडतो. म्हणून रक्ताची आय. एन. आर. तपासणी वरचेवर करावी लागते; आकडा बहुधा २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवतात. गोळी स्वस्त आहे. महाग आहे तो खाडा. भांडुपच्या टेकडीवरून उतरून तपासणीस जायचे, रांग लावायची, म्हणजे दिवस गेलाच. १९४८ च्या विमा कायद्यात आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता सामान्यतः नव्हता. महिनाभर अंथरुणास खिळणाऱ्याचा विचार त्यात होता. पक्षाघात टाळण्यासाठी एक दिवस रजा घेणाऱ्याचा नव्हता.

कोणी म्हणेल, आता नव्या गोळ्या आल्या, तपासणीची कटकट संपली. २००९ पासूनच्या संशोधनाने त्यांची उपयुक्तता सिद्ध केली हे खरे. वयोमानाने ठेका चुकणाऱ्या पुष्कळ रुग्णांना त्या सोयीच्या आहेत. परंतु ऱ्हुमॅटिक रुग्णांवरील मोठी परीक्षा २०२२ साली प्रसिद्ध झाली. २४ देशांतील साडेचार हजार रुग्ण तीत होते आणि आपला देशही त्यात होता. तीत रिव्हारोक्साबान या नव्या गोळीपेक्षा वॉर्फरिनसारखे जुने औषधच सरस ठरले; मृत्यूही कमी झाले. त्या रुग्णांचे सरासरी वय अवघे ५० होते आणि चारांत जवळजवळ तिघी स्त्रिया होत्या!

अंधेरी-बोरिवलीच्या घरांतून धुणीभांडी करणाऱ्या बाईने मग काय करावे? तिला विम्याचे कार्ड नाही. घाटकोपर-मुलुंडचे कारखाने बंद झाले तेव्हा कित्येक घरांतले कार्ड नोकरीबरोबरच गेले. गोळी मात्र जन्मभराची असते.

बोटाच्या थेंबावर तपासणी करणारी यंत्रे आज आहेत. ती वस्तीजवळच्या दवाखान्यात ठेवा. तपासणीचा वेळ पगारी धरा. नोकरी सुटली तरी उपचार सोडू नका. दाटीच्या वस्तीत मुलाचा घसा दुखला तर तोही वेळेवर दाखवा. पेनिसिलिन तेथेच रोगाची वाट अडवते. १९५४ साली साधने हाती आली होती. ती एका दारात आणून ठेवण्याचे काम मात्र अजून व्हायचे आहे. आणि ते डॉक्टरांचे एकट्याचे नव्हे, आपणा सर्वांचे आहे.