उकड, रूळ आणि दाबयंत्र

आमच्या एका सहकाऱ्यांच्या मुलीला सीलिअ‍ॅक विकाराचे निदान झाले आणि त्यांच्या घरातून गहू हद्दपार झाला. मुलीचा पास्त्याचा हट्ट मात्र कायम होता. म्हणून आम्ही हाताने फिरवायचे पास्त्याचे यंत्र आणले, तांदळाचे पीठ भिजवले आणि पोळी त्याच्या दोन रुळांमधून सोडली. ती पलीकडे तुकडे होऊनच उतरली. दोष यंत्राचा नव्हता. यंत्रालाही इतिहास असतो, हे आम्ही विसरलो होतो.

बोलोन्याचे विद्वान याकोपो बेक्कारी यांनी १७२८ मध्ये एक साधा प्रयोग मांडला. कणीक पाण्यात धूत राहिले की पिष्ट निघून जाते आणि हाती चिवट गोळा उरतो. तोच ग्लूटेन. गव्हाची पोळी ताणली तरी फाटत नाही, ती त्याच्या जाळ्यामुळे. रुळांचे यंत्र हे जाळे गृहीतच धरते. पुढे १९६७ च्या कायद्याने इटलीने सुक्या पास्त्यासाठी ड्यूरम गव्हाचा रवा बंधनकारक केला. पास्ता म्हणजे गहू हे समीकरण कायद्यातही उतरले.

पोळीला सांधणारा हा पदार्थ काहींच्या आतड्यांना मात्र घातक ठरतो. हेगचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हावर संशय महायुद्धापूर्वीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलंड्समध्ये उपासमार झाली, पाव दुर्मिळ झाला. आणि देश भुकेला असताना ही आजारी मुले सुधारू लागली. पाव परतताच ती पुन्हा खालावली. १९५० मध्ये उत्रेख्त येथे सादर केलेल्या प्रबंधात डिके यांनी गव्हाचा हा दोष सिद्ध केला.

पास्त्याच्या यंत्रांची दुसरीही एक शाखा आहे : दाबयंत्राची. सतराव्या शतकात नेपल्समध्ये भोकांच्या तबकडीतून पीठ दाबून काढणाऱ्या यंत्रांनी पास्ता स्वस्त केला. तेही पीठ गव्हाचेच. परंतु दाबयंत्र पिठाला रुळांइतके ताणत नाही. आजचे कारखाने तांदूळ-मक्याचा पास्ता याच मार्गाने करतात. पिष्ट आधी उष्णतेने फुलवतात आणि मग दाबतात; निवताना तेच पिष्ट घट्ट होऊन आकार धरते.

हे कळले तेव्हा आम्हांला कोकणातले शिरवाळे आठवले. तांदळाच्या उकडीचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच साच्यातून दाबायचे आणि नारळाच्या गोड रसाबरोबर खायचे. यात कोणी कोणाकडून काही घेतले असे नव्हे. अडचण एक, म्हणून उत्तरही एक.

मग आम्ही तांदूळ घरीच दळले, कारण गिरणीत गहूही दळला जातो. उकड काढली, ती कोमट झाल्यावर अंडे आणि चिमूटभर इसबगोल घालून मळली, पोळी जाडसरच ठेवली. या वेळी पट्ट्या अखंड उतरल्या.

‘ग्लूटेनमुक्त’ हा शब्द पदार्थाला त्याच्यातल्या अभावाने ओळखतो; त्या मुलीलाही हल्ली पंक्तीत तसेच ओळखले जाते. शिरवाळ्यांना मात्र असे नाव कोणी कधी दिले नाही. पुढच्या खेपेस आम्ही तिच्यासाठी शिरवाळेच करणार आहोत.