मिसरूड आणि शिरस्त्राण

शिरस्त्राण हा शब्द उच्चारतांच वाचकांच्या डोळ्यांपुढें चिलखत घातलेला एखादा बारगीर उभा राहील, आणि तें अगदींच गैर आहे असें नाहीं. कारण ज्या शिरस्त्राणाविषयीं आम्ही येथें लिहीत आहों, त्याची सक्ति प्रथम शर्यतींत व नंतर फौजेंत झाली. घरच्या पोरापर्यंत तें फार उशिरां आलें. मोपेड व मोटारसायकल चालविणाऱ्या कोवळ्या वयाच्या मुलांच्या डोक्यावर तें चढलें कसें, आणि कित्येक ठिकाणीं कायदा असूनहि चढलें नाहीं तें कां, हा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाहीं.

इंग्लंडांत ब्रूकलँड्स येथील शर्यतीच्या मैदानावर डॉ. एरिक गार्डनर हे वैद्यकीय अधिकारी होते. वरचेवर एखादा स्वार डोकें फुटून आपल्यापुढें येतो हें पाहून त्यांनीं कॅनव्हासचें कापड व लाख यांची एक टणक टोपी करविली. शर्यतीच्या चालकांनीं आरंभीं तिला नाकें मुरडलीं. पण १९१४ सालच्या आइल ऑफ मॅन येथील शर्यतींत त्यांनींच ती सर्व स्पर्धकांस आवश्यक केली. येथपर्यंत हा प्रश्न मूठभर साहसी माणसांचा होता.

१३ मे १९३५ रोजीं डॉर्सेट परगण्यांत टी. ई. लॉरेन्स, म्हणजे अरबांच्या बंडामुळें ज्याचें नांव जगभर झालें तोच, मोटारसायकलवरून आपल्या घराकडे परतत होता. रस्त्यांत सायकलवरचीं दोन मुलें अवचित दिसलीं. त्यांस चुकविण्याच्या धडपडींत तो गाडीवरून फेंकला गेला. डोक्यावर कांहीं नव्हतें. सहा दिवसांनीं, १९ मे रोजीं, तो वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मूळचे ऑस्ट्रेलियन शस्त्रवैद्य होते. मेंदूची शस्त्रक्रिया हा त्यांचा विषय. रोगी दगावला म्हणजे वैद्याचें काम संपलें, असें मानणाऱ्यांपैकीं ते नव्हते.

दुसरें महायुद्ध सुरू झालें आणि निरोप पोंचविणारे तरुण फौजी स्वार दिवे मंद केलेल्या काळोख्या रस्त्यांवरून धांवूं लागले. केर्न्स यांनीं १९४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें कीं, युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागें बसलेले लोक मेले, आणि मृत्यूचें सर्वांत मोठें कारण डोक्यास झालेली इजा हें होतें. शिरस्त्राण घातलेले जखमी त्यांच्या पाहण्यांत अवघे सात आले होते. त्यांतला एकहि मेला नव्हता. सातांवरून सिद्धान्त उभारतां येत नाहीं, हें केर्न्स यांस ठाऊक असलेंच पाहिजे. म्हणूनच ते तेथें थांबले नाहींत. हॉलबर्न नांवाच्या पदार्थविज्ञान्याने ऑक्सफर्ड येथें जिलेटिनचा मेंदू करून, धक्का बसतांच तो कवटींत कसा पिळवटला जातो तें तपासलें. नोव्हेंबर १९४१ पासून फौजेनें कामावरील प्रत्येक मोटारसायकलस्वारास शिरस्त्राण आवश्यक केलें, आणि केर्न्स यांनीं १९४६ सालीं महिनेवार आंकडे मांडून त्यानंतर मृत्यु कसे उतरत गेले तें दाखविलें. ते १९५२ सालीं निवर्तले. त्यांच्या मायदेशांतील व्हिक्टोरिया प्रांतानें १९६१ सालीं नागरिकांस शिरस्त्राणाची सक्ति केली. ब्रिटननें ती करावयास १९७३ साल उजाडलें. पहिल्या निबंधानंतर बत्तीस वर्षें!

फौजेच्या हुकुमांत एक गोष्ट सहज साधली होती. तो कामावरच्या सर्वांना सारखाच होता. नागरी कायदा करतांना मात्र लोकशाहीस स्वातंत्र्याचा प्रश्न पडला, आणि पडावा हें रास्तच होय. स्वतःचें डोकें फोडून घेण्याचा हक्क माणसास आहे कीं नाहीं? अमेरिकेंत १९६६ सालच्या कायद्यानें मध्यवर्ती सरकारनें रस्त्यांच्या अनुदानाची दोरी हातीं धरून राज्यांस सक्ति करावयास लाविली. १९७५ पर्यंत ५० पैकीं ४७ राज्यांत कायदे झाले. पुढल्याच वर्षीं काँग्रेसनें ती दोरी सोडून दिली, आणि थोड्याच वर्षांत निम्म्याहून अधिक राज्यांनीं कायदा रद्द केला किंवा तो अल्पवयीनांपुरता ठेवला. प्रौढांस स्वातंत्र्य आणि पोरांस रक्षण, असा हा निवाडा. वरवर पाहतां तो शहाणपणाचा दिसतो.

फ्लॉरिडा राज्यानें जुलै २००० मध्यें असेंच केलें. एकवीस वर्षांवरील व दहा हजार डॉलरांचा वैद्यकीय विमा असलेल्या स्वारास मोकळीक मिळाली. एकविसाखालच्यांचा कायदा अक्षरशः जसाच्या तसा राहिला. तरीहि पुढल्या तीन वर्षांत ह्या कोवळ्या वयाच्या स्वारांचे मृत्यु आधींच्या तीन वर्षांच्या मानानें जवळजवळ तिप्पट झाले. गाड्याहि वाढल्या होत्या हें खरें, पण तिपटीनें नव्हेत. ज्यांच्यासाठीं कायदा बदललाच नव्हता, त्यांच्यासाठींच तो बुडाला!

इटलीची कथा ह्याच्या उलट टोंकाकडून तेंच सांगते. तेथें चौदा वर्षांच्या मुलास ५० सी.सी.ची मोपेड चालवितां येई. १९८६ च्या कायद्यानें मोटारसायकलवर सर्वांस शिरस्त्राण लागू केलें, मोपेडवर मात्र अठरा वर्षांखालच्यांसच. भरधांव जाणाऱ्या मुलाचें वय सतरा कीं एकोणीस, हें कोपऱ्यावरच्या पोलिसानें ओळखावें कसें? आणि त्याहून मोठें कारण मुलाच्या मनांत आहे. सोळा वर्षांच्या पोरास अठरा वर्षांचें दिसण्याहून मोठी हौस नसते. जें फक्त लहानांनीं घालावयाचें, तें डोक्यावर असणें म्हणजे आपलें लहानपण मिरविणें. मिसरूड फुटण्याची वाट पाहण्यापेक्षां शिरस्त्राण काढून ठेवणें सोपें. मार्च २००० च्या अखेरीस मोपेडवरील वयाची अट काढून टाकण्यांत आली. रोमान्या भागांतील डॉक्टरांनीं ह्या बदलाचा अभ्यास केला. तेथें १९९९ सालीं शंभरांत वीसहि स्वार शिरस्त्राण घालीत नव्हते, २००१ सालीं शहाण्णवांहून अधिक घालूं लागले, आणि ह्या वाहनांवरून पडून मेंदूस इजा झालेल्यांचें रुग्णालयांत येण्याचें प्रमाण सुमारें दोन तृतीयांशानें घटलें. मुलांसाठीं नवें असें एक अक्षरहि लिहिलें नव्हतें. बदलले होते ते मोठे.

इटलीची हकीकत आमच्या वाचकांस दूरची वाटूं नये. १९७२ सालीं पुण्याच्या किनेटिक इंजिनिअरिंगनें जी ‘लूना’ बाजारांत आणली, ती इटलींतील पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ ह्या मोपेडच्या परवान्यावरच बेतलेली होती. महाराष्ट्रांतील कित्येक घरांत पोराच्या हातीं आलेलें पहिलें यंत्रवाहन तेंच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सोळाव्या वर्षीं ५० सी.सी.पर्यंतची गाडी चालविण्याची मुभा ठेवली, आणि त्याच कायद्याच्या १२९ व्या कलमानें चालविणारा व मागें बसणारा दोघांसहि शिरस्त्राण सांगितलें. पगडी घालणाऱ्या शिखांस त्यांतून सूट आहे. पुणेरी पगडीचा उल्लेख नाहीं, ही उणीव कांहीं पुणेकरांस अजून सलत असेल. त्या कलमानें वयाचा भेद केला नव्हता. तो आपण घरांत केला. मुलगा कॉलेजला निघाला म्हणजे “हेल्मेट घाल रे” असें दारांतून ओरडणारे वडील त्याच गाडीवरून दूध आणावयास उघड्या डोक्यानें जातात. म्हणजे १९८६ चा इटालियन कायदाच आपल्या दिवाणखान्यांत चालू आहे.

जानेवारी २०१९ मध्यें पुण्यांत पोलिसांनीं सक्ति कडक केली, तेव्हां विरोध करणारे बहुतेक मोठ्या वयाचेच होते. शहरांत वेगच कोठें असतो, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद. शाळेंतील पदार्थविज्ञानानें त्याचा हिशेब होतो: दीड मीटर उंचीवरून खालीं पडणारें डोकें, गाडी उभी असली तरी, जमिनीस लागतांना ताशीं सुमारें वीस किलोमीटर वेगानें जात असतें.

त्याच वर्षींच्या सुधारणेनें अल्पवयीन मुलाच्या हातीं गाडी देणाऱ्या पालकास वा मालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाहीं, अशी जबर तरतूद केली. परंतु ताशीं २५ किलोमीटरच्या आंतील, २५० वॉटपर्यंतच्या विजेच्या दुचाक्या ह्या कायद्यानें मोटार वाहनच नव्हेत. त्यांस परवाना नको, नोंदणी नको, आणि १२९ वें कलमहि त्यांस लागू होत नाहीं. शिकवणीच्या वर्गांबाहेर अशा गाड्या आतां ओळीनें उभ्या दिसतात. त्यांच्या आरशांना अडकविलेलीं शिरस्त्राणें मात्र क्वचितच दिसतात.