कॅमेऱ्यात नवं काय होतं?

तिसगावजवळच्या मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. अशाच यात्रांतल्या तंबूंमधून खेड्यापाड्यातल्या महाराष्ट्राने सिनेमा पाहिला. त्या हलत्या चित्राचं मूळ शोधत गेलं, की एका अपिलापाशी थांबावं लागतं.

एडिसनने १८९१ साली चलच्चित्र कॅमेऱ्यासाठी अर्ज केला. १८९७ मध्ये पेटंट हाती पडलं आणि त्याने अमेरिकन म्युटोस्कोप कंपनीला कोर्टात खेचलं. खालच्या कोर्टात तो जिंकला. पण १० मार्च १९०२ रोजी अपिलात निकाल फिरला. फ्रेंच शास्त्रज्ञ मारे याने पॅरिसमध्ये आधीच एका भिंगातून हालचालींची चित्रमालिका टिपली होती, लवचीक फिल्म ईस्टमनच्या कारखान्यातून आली होती. मग एडिसनचं स्वतःचं काय? भोकांत दाते अडकवून फीत टप्प्याटप्प्याने ओढणारं चाक. तेवढ्यावर हक्क सांगता आला असता. त्याने सगळ्या कॅमेऱ्यावरच सांगितला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. जुने भाग एकत्र आणले तरी त्या जोडणीत जाणत्या कारागिराला सहज न सुचणारं काहीतरी असावंच लागतं. भांडी लेथवर धरण्याच्या साधनावरून चाललेल्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ साली हाच कस लावला.

एडिसनने पेटंट सुधारून घेतलं, पण १९०७ मध्ये पुन्हा अपिलात म्युटोस्कोप कंपनीचा कॅमेरा सुटला: त्यात फीत दात्यांनी नव्हे, रुळांच्या घर्षणाने सरकत होती. तो कॅमेरा घडवण्यात एडिसनचाच जुना सहकारी डिक्सन याचा हात होता.

इंग्लंडमध्ये तर एडिसनने पेटंट घेतलंच नव्हतं. त्यामुळे लंडनच्या रॉबर्ट पॉलने त्याच्या चित्र पाहण्याच्या यंत्राच्या नकला बिनदिक्कत बनवल्या आणि तिथे कॅमेरे बनवणाऱ्यांची एक पिढीच उभी राहिली. त्यांतल्याच विल्यमसनचा कॅमेरा दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणला आणि त्यावर 'राजा हरिश्चंद्र' चित्रित केला.

कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी विकत घेण्याऐवजी कॅमेरा स्वतःच घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून काम तडीस नेलं. पेटंटच्या कसोटीवर त्या यंत्रात नवं फारसं निघालं नसतं. कोल्हापूरच्या कारखान्यात मात्र तसं यंत्र याआधी कुणी घडवलं नव्हतं, आणि १९२० च्या 'सैरंध्री'ची रिळं त्यातूनच निघाली.