दादा रुसलेला नाही : एका शब्दाचा इतिहास

गेल्या जानेवारीत मावशीकडे गेले होते. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस. पिपाण्या, भोंगे, पाळण्यांचा खडखडाट. माझा नऊ वर्षांचा मावसभाऊ कानांवर हात दाबून खाली बसला तो उठेचना. शेवटी आम्ही सगळे रिक्षाने घरी परतलो. त्याच्या सात वर्षांच्या बहिणीचा पाळणा हुकला, ती रडून लाल. मावशीने तिला जवळ घेऊन सांगितलं, "दादा स्वमग्न आहे गं, डॉक्टरांनी सांगितलंय."

रात्री पोरीने मला गाठलं. "ताई, स्वमग्न म्हणजे काय?" मी प्राणिशास्त्रात एमएस्सी, पीएचडीचं तिसरं वर्ष. तोऱ्यात शब्द फोडून दाखवला : स्व म्हणजे स्वतः, मग्न म्हणजे बुडालेला. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे त्याला आम्ही नको असतो."

मला उत्तर देता आलं नाही. तिने अर्थ लावला तो शब्दाच्या हिशेबाने बरोबरच होता. मग हा शब्द आला कुठून ते शोधत बसले. माझ्या थिसिसशी याचा काही संबंध नाही, गाईडना सांगू नका.

'ऑटिझम'मधला ग्रीक 'ऑटोस' म्हणजेच आपला 'स्व'. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांच्या 1911 च्या स्किझोफ्रेनियावरील ग्रंथात हा शब्द येतो, तो बाहेरच्या जगापासून तुटून आतल्या जगात शिरलेल्या मोठ्या माणसांसाठी. 1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी तो 11 मुलांना लावला, आठ मुलगे आणि तीन मुली. त्यातल्या पहिल्या मुलाची, डोनाल्डची, हकीकत वडिलांनी 33 टाइप केलेल्या पानांत लिहून पाठवली होती. म्हणजे या विषयातला पायाभूत पेपर एका बापाच्या पत्रावरही उभा आहे.

संशोधनाकडे वळणाऱ्यांनी हा पेपर मुळातून वाचावा. त्यात एक जागा आहे तिथे मी थबकले. मुलांना कशाची भीती वाटते याची कॅनर यादी देतात : व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहतं पाणी, आणि हो, झोपाळेसुद्धा. म्हणजे आमचा गड्डाच. निरीक्षण अगदी नेमकं. पण पुढे ते म्हणतात की भीती आवाजाची नाही, कारण हेच मूल स्वतः तितकाच आवाज आनंदाने करतं. त्याच्या एकटेपणात बाहेरून घुसखोरी होते, त्याचा हा त्रास. हा झाला अर्थ. निरीक्षण आणि अर्थ एकाच परिच्छेदात इतके चिकटून आहेत की वाचताना सांधा दिसत नाही. कॅनरना एकटेपणा हा गाभा वाटत होता, म्हणून आवाजही त्यांनी त्याच खात्यात टाकला. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत आवाज, स्पर्श, प्रकाश यांना मिळणारा वेगळा प्रतिसाद हा स्वतंत्र निकष म्हणून आला तो पाचव्या आवृत्तीत, 2013 साली. मध्ये 70 वर्षं गेली.

या वर्षांत घराघरांत काय सांगितलं गेलं असेल? त्याच पेपरच्या शेवटी कॅनर ही गोष्ट जन्मजात मानतात, आणि तिथेच आईवडिलांमध्ये मायेची माणसं फार कमी दिसली, असंही लिहितात. जगाने दुसरं वाक्य जास्त उचललं. 1949 मध्ये खुद्द कॅनर यांनीच या मुलांच्या घरातल्या थंडपणाला फ्रिजची उपमा दिली. 1967 च्या पुस्तकात ब्रूनो बेटलहाइम यांनी दोषाचं बोट आईवडिलांकडेच रोखलं. ज्या आईला डॉक्टरच दोषी ठरवतो, ती दुसऱ्या लेकराला काय समजावणार? गप्प बसणार. उलट बाजूने बर्नार्ड रिमलंड हे स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी 1964 मध्ये कारण मेंदूत आहे अशी मांडणी केली. 1969 मध्ये कॅनर यांनीही पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त केलं. 1977 मध्ये फोल्स्टाइन आणि रटर यांचा जुळ्यांचा अभ्यास आला : 11 एकसारख्या जोड्यांपैकी चारमध्ये दोन्ही मुलं ऑटिस्टिक, 10 वेगळ्या जोड्यांपैकी एकातही नाही. नमुना लहान, पण अनुवंशाकडे बोट स्पष्ट. भावंडं संशोधनात आली ती अशी, पुरावा म्हणून.

आपल्याकडे गोष्ट आणखी उशिराची. 1995 च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. प्रमाणपत्र हवं तर 'मतिमंद' हाच कप्पा, आणि पोरं वर्गात तोच शब्द शिवीसारखी वापरायची. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचं नाव आलं, 2016 च्या कायद्यात 21 प्रकारांमध्ये त्याला जागा मिळाली. तपासणीसाठी भारतीय मापनश्रेणी आहे, 40 प्रश्नांची. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच ठिकाणच्या पाहणीत, ज्यात उत्तर गोवाही होतं, साधारण शंभरात एक मूल ऑटिस्टिक आढळलं. म्हणजे शाळेच्या दोन-तीन वर्गांत मिळून एखादं. तरी मराठीत रुळलेला शब्द तोच, 1911 चा 'स्व' घेऊन आलेला.

मी पोरीला पुन्हा बसवून सांगितलं. दादाच्या मेंदूला आवाज आपल्यापेक्षा मोठा लागतो. तो जन्मल्यापासूनच तसा आहे, कुणी काही केल्यामुळे नाही. त्याला तू हवी असतेस, पण ते बोलून दाखवणं त्याला अवघड जातं. तिचा पुढचा प्रश्न मला अपेक्षित होता : "मला पण होईल का?" म्हटलं, हे सर्दीसारखं लागत नाही, आणि असतं ते लहानपणापासूनच असतं. (ऑटिस्टिक मुलाच्या पाठच्या भावंडात शक्यता वाढते, 2011 च्या मोठ्या अभ्यासात जवळपास पाचात एक. पण ते सात वर्षांच्या पोरीला सांगायचं नसतं, मावशीला सांगितलं.) दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या पोरांना दटावत होती, "दादाला लय जोरात ऐकू येतं, हळू बोला की."

त्याला स्वतःला मात्र अजून कुणी काही सांगितलेलं नाही. कागद कपाटात आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे, आता शेजारच्या पोरांनाही थोडंफार. मावशी म्हणते, दहावं लागू दे.