याहामोगीच्या मुलखातला योसेफ

लहान मुलाला गोष्ट सांगायची, तर ती कोणत्या भाषेत? विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खानदेशातल्या ख्रिस्ती शिक्षकांपुढे हा प्रश्न रोजचा होता.

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. आजचा नंदुरबार जिल्हा (स्थापना १ जुलै १९९८) तेव्हा पश्चिम खानदेशात मोडत असे. तेथे स्वीडिश अलायन्स मिशन आणि फ्रेडरिक फ्रान्सनने १८९० मध्ये शिकागोत स्थापलेली स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या दोन संस्था भिल्लांमध्ये काम करू लागल्या.

मराठीत बालसाहित्याची शिदोरी तयार होती. बन्यनच्या रूपककथेचे हरि केशवजींनी केलेले भाषांतर ‘यात्रिक क्रमण’ १८४१चे. अमेरिकन मराठी मिशनचे ‘बालबोधमेवा’ १८७३चे. पण नवापूरच्या मुलाच्या घरात मावची बोलली जाई, सातपुड्यात पावरी आणि नोइरी. मराठी ही त्याच्या दृष्टीने शाळेची, आणि कचेरीची, भाषा होती.

शिवाय त्याच्या कानात पात्रे आधीच नांदत होती. याहामोगी, राजा पांठा, धान्याची देवता कणी-कंसरी. ती पुस्तकात नव्हती. रात्र रात्र चालणाऱ्या गायनात होती. त्या गायनात पात्र कोणत्याही एका गुणाचे नाव होऊन उभे राहत नाही.

ख्रिस्ती बालवर्गाची रीत निराळी. तेथे दावीद म्हणजे धैर्य, रूथ म्हणजे निष्ठा, योसेफ म्हणजे क्षमा. भावांनी विकलेला, तरी त्यांनाच दुष्काळात धान्य देणारा योसेफ हा येशूची पूर्वछाया मानला जातो. वीस रुप्यांना योसेफ विकला गेला, तीस रुप्यांना येशू. शिकवणाऱ्याला हा धागा सोयीचा वाटे, यात नवल नाही.

१८९९-१९००च्या, म्हणजे छपन्नाच्या, दुष्काळाने खानदेश होरपळून निघाला होता. त्यामुळे रिकामी कणगी आणि भरलेले कोठार यांचा अर्थ इथल्या मुलांना समजावून सांगावा लागत नसे.

मात्र उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात एक भाग आहे, जो बालकथांतून बहुधा गळतो. धान्याच्या बदल्यात योसेफ लोकांचा पैसा घेतो, मग गुरे, मग जमिनी. अखेरीस लोक स्वतःच फारोचे दास होतात आणि पिकाचा पाचवा हिस्सा देऊ लागतात. मुलांना हे कळणार नाही, असे संक्षेप करणाऱ्यांना वाटत असावे. परंतु ज्याच्या बापाची जमीन सावकाराकडे गेली आणि जो स्वतः सालदार होणार होता, त्या मुलाला बहुधा हाच भाग सर्वांत आधी कळला असता.

पुढे १९७२च्या सुमारास शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल आणि पावरा शेतमजुरांनी लढा उभारला, तो याच गेलेल्या जमिनींसाठी आणि सालदारांच्या मजुरीसाठी. नव्या कराराचे मावची भाषांतर त्यानंतरचे. त्यात अर्थात योसेफाचे कोठार नाही. ते जुन्या करारात आहे.