अर्ध्या ओवीचा दंडक

विनोद टवाळांना आवडतो, अशा अर्थाचा एक चरण समर्थ रामदासांच्या दासबोधात आहे. मूळ ग्रंथ उघडूनही न पाहिलेल्या माणसांना तो पाठ असतो. पोरी पाणवठ्यावर खिदळल्या, पंगतीत कुणाला हसू आवरले नाही, की वडीलधारे तोच ऐकवतात. त्यातून एक मत पक्के होऊन बसले आहे. रोजच्या जगण्यातल्या बारीकसारीक गमतींवर हसणे हे हलक्या वृत्तीचे लक्षण आहे आणि विचारी माणसाने त्यापासून दूर राहावे, असे ते मत. मला ते साफ अमान्य आहे. ते तपासायला पुणे जिल्ह्यातला भोर आणि वेल्ह्याचा डोंगरी मुलूखच योग्य. भोरहून हिरडस मावळातून वरंध घाट उतरला की पायथ्याच्या खोऱ्यात शिवथरघळ आहे, आणि दासबोधाची रचना त्या घळीत झाली अशी परंपरा आहे. ज्या ग्रंथाचा आधार घेऊन हसण्याला हलके ठरवले जाते, तो याच डोंगरांच्या कुशीतला आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण तो तीन पायांवर उभा आहे. पहिला पाय शास्त्राचा. समर्थांनी विनोदाला टवाळाच्या पदरात टाकले. भरतानेही नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगताना स्मित आणि हसित उत्तम पात्रांना दिले, अपहसित आणि अतिहसित अधमांना. हा रस स्त्रियांत आणि नीच प्रकृतीच्या माणसांत अधिक दिसतो, असेही सांगितले. दुसरा पाय व्यवहाराचा. ज्याला काम नाही तो गमती शोधतो, कष्टकऱ्याला तेवढी सवड नसते. तिसरा पाय नीतीचा. हसणे म्हणजे दुसऱ्याला कमी लेखणे. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये हेच म्हटले आहे: दुसऱ्याचे उणे दिसताच स्वतःच्या थोरपणाची एकदम जाणीव होते आणि माणूस हसतो.

पहिला पाय आधी पाहू. तो चरण दासबोधाच्या सातव्या दशकातल्या नवव्या समासात आहे. समासाचा विषय श्रवण. परमार्थाची वाट धरलेल्याने कोणते ग्रंथ ऐकावेत, कोणते सोडावेत, याचा विचार तिथे चालला आहे. ज्याची जशी वृत्ती तशी त्याची आवड, हे सांगताना समर्थ माणसांचे नमुने ओळीने मांडत जातात, आणि टवाळ हा त्यांतला एक. म्हणजे तो चरण मुमुक्षूच्या ग्रंथनिवडीबद्दल आहे. शेतावर, पाणवठ्यावर, एसटीच्या बाकावर माणसांनी हसावे की नाही, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. साधकाला सांगितलेले पथ्य साऱ्या समाजावर दंड म्हणून लादणे न्यायाचे नाही.

समर्थांना हसण्यातले काय खटकत होते, हे त्यांनी दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात स्पष्ट सांगितले आहे. मूर्खाच्या लक्षणांत विनाकारण हसणे हे एक लक्षण आहे. दोष त्यांनी कारण नसलेल्या हसण्याला दिला. कारण असलेल्या हसण्याला त्यांनी मूर्खात काढलेले नाही.

अठराव्या दशकाचा नववा समास याहून मोठा साक्षीदार आहे. त्याचे नावच निद्रानिरूपण. झोपेने घेरलेल्या मंडळींचे समर्थांनी तिथे केलेले वर्णन एकदा सावकाश वाचावे. जांभयांचा सडाका चालतो, डुलक्या लागतात. कुणी दचकून चहूकडे पाहतो. कुणी उलथून पडतो आणि त्याच्या अंगाखाली वीणा फुटते. मुंडाशी घरंगळतात. कुणी टेकल्या जागी घोरतो, कुणी करकर दात खातो. कुणी झोपेतच उठून भलतीकडे चालू लागतो, आणि एक जण तर उकिरड्यावर जाऊन निजतो. पुढचा समास श्रोत्यांच्या अवलक्षणांचा. निरूपण सुरू झाले की कुणाच्या पोटात तिडीक उठते, कुणाच्या पाठीत चमक भरते आणि बसवत नाही. हे लिहिणारा माणूस कीर्तनाला आलेल्यांकडे किती बारकाईने पाहत असेल! या दोन समासांतल्या निरीक्षणाचे बळच रोजच्या जगण्यातल्या क्षुल्लक, हसू आणणाऱ्या गोष्टींत आहे. विनोद त्याज्य मानणाऱ्याच्या हातून ते उतरले नसते.

समर्थ यात एकटेही नाहीत. संत एकनाथांची भारुडे परमार्थ सांगतात ती सोंगे आणून, हसवून. गावोगावच्या हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, आणि काल्यात कृष्णाचा सवंगडी पेंद्या याची खोड निघाली नाही असे होत नाही. देवासमोर, टाळकऱ्यांच्या रांगेत, म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत हसून पाणी येते. त्या क्षणी भक्ती कमी झाली, असे कोणी वारकरी म्हणणार नाही.

दुसरा पाय कष्टाचा. कष्टकऱ्याला हसायला सवड नसते, हे तोरण्याच्या पायथ्याशी भातलावणी पाहिलेला माणूस म्हणणार नाही. आषाढात सह्याद्रीकडचा पाऊस झोडपत असतो, चिखलणी झालेली असते, डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद असतो, आणि कंबर दिवसभर वाकलेली. अशा रांगेत एखाद्याचा पाय पोटरीपर्यंत रुतला आणि तो रोपांच्या मुठीसकट चिखलात बसला, की सगळी रांग हसते. हात द्यायला पुढे होणारी बाई हसत हसतच हात देते. बुजगावण्याच्या अंगावर कारभाऱ्याचा जुना सदरा असतो आणि तिन्हीसांजेला कुणीतरी त्यालाच हाक मारते. ती गोष्ट पुढे सुगीपर्यंत पुरते. बाजारच्या दिवशी भोरच्या एसटीत कुणाच्या पिशवीतून कोंबडा मान बाहेर काढून आरवतो आणि न ओळखणारी माणसे एकमेकांकडे पाहून हसतात. हे सगळे हसणे कामाच्या मधोमध घडते. सवड मिळेल तेव्हा हसू, असे म्हणत बसले असते तर मावळातली माणसे जन्मभर हसली नसती.

याचा लिखित पुरावाही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या, त्या आधी पुणे जिल्ह्याच्या याच डोंगरी पट्ट्यात. पुढे हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला, आणि २०१७ पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ तो लोकांसमोर आणत आहे. पहाटेच्या अंधारात दळणाऱ्या बाईइतके कष्ट कुणाचे? तरी त्या ओव्यांत विहिणीची थट्टा आहे, नणंदेला टोमणा आहे, भावजयीचा तोरा आहे. भरताने हास्य स्त्रियांत अधिक दिसते असे म्हटले, ते उणे म्हणून. ओव्या वाचल्यावर तेच विधान मला गौरवाचे वाटते. जिला सासूसमोर तोंड उघडायची मुभा नव्हती, तिने सासूचा हट्ट जात्यापाशी ओवीत बसवला आणि शेजारणीला हसवले. ही बुद्धी आहे, आणि धाडसही.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. असे हसून माणूस अन्याय पचवायला शिकतो, त्याची लढायची धार जाते. मला हे पटत नाही. अन्यायाला नाव दिल्याशिवाय त्याच्याशी लढता येत नाही, आणि ओवीतली थट्टा हे नाव देण्याचेच पहिले पाऊल होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याच्या पोह्यां’त अंधरूढींवर विनोदाचे हत्यार चालवले, ते लढाई टाळण्यासाठी नव्हे.

आता नीतीचा पाय. हॉब्जचे म्हणणे पूर्ण खोटे नाही. जातीवरून, व्यंगावरून, गरिबीवरून हसणारी माणसे आपल्याकडेही आहेत. लंगडणाऱ्याला आयुष्यभर त्याच नावाने हाक मारणारे गाव हसते तेव्हा ते क्रूर असते, आणि तिथे समर्थांचा चरण जरूर ऐकवावा. पण अपवादावरून नियम बांधता येत नाही. लावणीत पडलेल्यावर हसणारी रांग स्वतःला थोर समजत नसते. घटकाभरापूर्वी तिच्यातल्याच दुसऱ्या कुणाचा पाय रुतलेला असतो. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँने १९०० साली म्हटले की हसताना मनातली करुणा क्षणभर निजते. त्यानेच पुढे म्हटले की हसणे नेहमी एखाद्या जमावाचे असते. मावळात त्याचे दुसरे म्हणणे खरे ठरते, पहिले नाही. इथे हसणारा आणि मदतीला धावणारा बहुतेक वेळा एकच असतो.

नात्यांतली थट्टाही हेच सांगते. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजोबा-नात यांना एकमेकांची खोडी काढायची परवानगी असते. रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली अशा नात्यांवर निबंध लिहिला. जिथे नाते जवळचे असते आणि नाजूकही, तिथे मान्य असलेली थट्टा भांडणाला जागा उरू देत नाही, असा त्याचा निष्कर्ष. आपल्या बायकांना हे निबंधाशिवाय ठाऊक होते. म्हणून नव्या नवरीला उखाण्यात अडवतात, हसवतात, आणि ती हसली की घरची होते. कमी लेखायचे असते त्याची थट्टा असल्या प्रेमाने कोणी करत नाही.

तिन्ही पाय गेले, तर उत्तरपक्ष काय? माझे म्हणणे असे. छोट्या गमती दिसायला आधी लक्ष लागते. सदरा बुजगावण्याच्या अंगावर गेला आहे, हे दिसण्यासाठी तो सदरा कुणाचा हे ठाऊक हवे. रांगेतला कोण पडला, हे दिसण्यासाठी शेजारच्यावर नजर हवी. समर्थांनी ग्रंथभर ज्या सावधपणाचा आग्रह धरला, त्याचेच हे घरगुती रूप आहे. म्हणून हसण्यासाठी मी एकच कसोटी लावतो: ज्याच्यावर हसलो त्याला आपल्यासोबत हसता येईल का? येत असेल, तर ते हसणे निर्दोष, कितीही मोठ्याने असो. येत नसेल, तर नुसते स्मितही पाप.

वेल्ह्याच्या दुर्गम वाड्यांत तरणी माणसे पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेली आहेत आणि मागे म्हातारी राहिली आहेत. तिथे लहानसहान गोष्टींवर होणारी हसाहशी म्हणजे आज शेजारी कोण दिसला, कोण दिसला नाही, याची रोजची हजेरीच असते. पिशवीतल्या कोंबड्यावर हसणाऱ्यांनाच पिशवीवाली म्हातारी परतीच्या गाडीत नाही, हे कळते. हसण्याला हलके ठरवणाऱ्यांनी ही हजेरी दुसऱ्या कोणत्या रीतीने घेतली जाईल, ते आधी सांगावे. तोवर अर्ध्या ओवीचा दंडक मोडणे मला कर्तव्य वाटते.