सूत्राध्यक्ष-प्रकरणांतील ‘न्यंगा’ आणि व्यंगांचा वेतनाधिकार

व्यंग मनुष्यास समाज काय देणें लागतो, या प्रश्नाचें उत्तर आपल्या प्राचीन ग्रंथांत शोधूं लागलें म्हणजे बहुधा एकाच स्थळाकडे बोट दाखविण्यांत येतें. तें स्थळ म्हणजे दायविभाग. अंध, पंगु, उन्मत्त इत्यादिकांस पितृधनाचा अंश नाहीं, मात्र त्यांचें भरणपोषण करावें, असें याज्ञवल्क्य सांगतो. मनूचाही आशय तोच आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत या नियमाची धार पुष्कळ बोथट केली. दोष विभागापूर्वींचा असेल तरच अंश बुडतो, औषधोपचारानें तो पुढें गेल्यास अंश मिळतो, असें त्याचें मत. तथापि मूळ विचार कायमच राहिला: व्यंगाच्या वांट्यास ग्रास आणि आच्छादन, अधिकार नव्हे, अनुग्रह.

यावरून कित्येक असें अनुमान काढतात कीं, व्यंगांस कामांत व वेतनांत समान स्थान देण्याची कल्पना सर्वस्वीं परकी होय. हें अनुमान अपुऱ्या साधनांवर बांधलेलें आहे, असें आम्हांस वाटतें. तें कसें, हें दाखविणें हा या टिपणाचा हेतु.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथसंग्रहास दिली व शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं ती छापून प्रसिद्ध केली, हें आमच्या वाचकांस विदित आहेच. तिच्यासोबत भट्टस्वामीच्या टीकेचा कांहीं अंशही आला होता. पुढें प्रा. कंगले यांनीं सिद्ध केलेली संशोधित आवृत्ति मुंबई विद्यापीठानें १९६० सालीं काढली. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणांतील तेविसावा अध्याय सूत्राध्यक्षाचा, म्हणजे राजाच्या सूतकताईच्या खात्यावरील अधिकाऱ्याचा आहे. लोंकर, कापूस, ताग वगैरे कोणाकडून कातवावे, याची यादी तेथें दिली आहे. त्या यादींत विधवेच्या पाठोपाठ ‘न्यंगा’ हा शब्द येतो. न्यंगा म्हणजे शरीरानें व्यंग अशी स्त्री.

येथपर्यंतचा मजकूर दयेचा मानतां येईल. परंतु पुढील तीन गोष्टी दयेच्या सदरांत बसत नाहींत. पहिली ही कीं, सूत बारीक, जाडें कीं मध्यम हें पाहून वेतन ठरवावें असें सांगितलें आहे. मोजावयाचें तें सूत. कातणारणीचें शरीर नव्हे. दुसरी गोष्ट: ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहींत पण स्वकष्टानें निर्वाह करूं इच्छितात, त्यांत पुन्हां न्यंगेचा निर्देश असून, त्यांच्याकडे खात्यानें आपल्या दासी पाठवाव्या आणि सन्मानपूर्वक काम द्यावें, अशी आज्ञा आहे. कामकरणीस कामापर्यंत येतां येत नसेल तर कामानें तिच्यापर्यंत जावें, हें तत्त्व येथें स्पष्ट आहे. तिसरी गोष्ट: वेतनाची वेळ टाळणाऱ्या अधिकाऱ्यास मध्यम साहसदंड सांगितला आहे. जें वेळेवर न दिल्यास देणारा दंडास पात्र होतो, त्यास भिक्षा कोण म्हणेल?

याच ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणांत वाक्पारुष्याचें प्रकरण आहे. काण्यास काणा, लंगड्यास लंगडा म्हणून हिणविल्यास, तें खरें असूनही तीन पण दंड. खोटें असल्यास सहा. आणि ‘काय सुंदर डोळे!’ अशी उपरोधिक स्तुति केल्यास बारा पण. उपहासाचा दंड उघड शिवीच्या चौपट असावा, यावरून त्या काळच्या व्यवहारज्ञतेची कल्पना येते.

आतां या पुराव्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अर्थशास्त्र हें विधिवाक्यांचें पुस्तक आहे, जमाखर्चाची वही नव्हे. त्याप्रमाणें प्रत्यक्ष घडलें, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. दायविभागांत कौटिल्यही जड, उन्मत्त, अंध इत्यादिकांस अंश नाकारतोच. आणि ज्या अध्यायांत न्यंगेस वेतन सांगितलें, त्याच अध्यायांत वेतन घेऊन काम न करणारीच्या अंगठ्यास शासन करावें असेंही सांगितलें आहे. म्हणून प्राचीन काळीं समता नांदत होती, असा डंका आम्ही पिटूं इच्छीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आपल्या परंपरेंत दोन प्रवाह होते, एक ग्रासाचा व एक वेतनाचा, आणि पुढील काळीं पहिलाच तेवढा स्मरणांत राहिला.

पहिल्या प्रवाहांतील अन्याय कायद्यानें दूर होण्यास फार काळ लागला. १९२८ च्या बाराव्या कायद्यानें, जन्मतः वेडे वा जडबुद्धि सोडून इतर व्यंगांची वारसाहक्कांतील अपात्रता मिताक्षरा पक्षापुरती काढली. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें रोग वा व्यंग या कारणावरील अपात्रता पूर्णपणें नाहींशी केली. नोकरीचा प्रश्न त्याहून उशिरां सुटूं लागला. १९९५ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत शेंकडा ३ जागा राखल्या. २०१६ च्या कायद्यानें त्या शेंकडा ४ केल्या, व्यंगाचे २१ प्रकार मानले आणि व्यंग नोकराच्या गरजेप्रमाणें सोय करून देणें हें सरकारी आस्थापनांचें कर्तव्य ठरविलें. मार्च २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दृष्टिहीनांस न्यायाधीशपदाच्या भरतींतून वगळणारा मध्यप्रदेशचा नियम रद्द केला. दासी पाठवून काम पोंचविण्याची आज्ञा आणि आजची ही सोय यांत कार्यकारणसंबंध नाहीं. परंतु न्यायबुद्धि एकच आहे.

शेवटीं आमच्या संग्राहक बंधूंस दोन शब्द. कारखान्यांच्या याद्या, रोजमुरे, धर्मादायाचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं आंधळ्यापांगळ्यांच्या नांवापुढील रक्कम दानाच्या सदरीं आहे कीं वेतनाच्या, हें पाहून टिपून ठेवावें. त्या एका सदरावरून पुष्कळ इतिहास कळेल. दुसरें असें कीं, पाठ, कंबर व मान मोडून, दृष्टि ताठून हा ग्रंथ कष्टानें लिहिला, तो जपावा, अशी लेखकांची विनवणी आपण कितीतरी पोथ्यांच्या अखेरीस वाचतों. ज्यांच्या मोडलेल्या पाठींवर आपले संग्रह उभे आहेत, त्यांच्यासारखाच कोणी अभ्यासक आज दाराशीं आला, तर त्यास जिना चढतां येत नाहीं एवढ्यावरून परत पाठविणें आपणांस शोभेल काय? पोथी खालीं आणून त्याच्या हातीं देणें, हेंही ग्रंथपालनच होय.